वळणापर्यंत

मावशींनी मला खोली दिली ती माझा पगार विचारून नव्हे. "रविवारी तुम्हाला काय काम असतं?" एवढंच त्यांनी विचारलं. काही नाही, कपडे धुतो, असं मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की कपडे शनिवारी धुवायचे. रविवारी भरतीच्या वेळी त्यांच्याबरोबर धक्क्यावर जायचं आणि त्या सांगतील ते ऐकायचं. अट मान्य असेल तर किल्ली घ्या, नाहीतर चहा पिऊन जा. भाडं त्या मानाने कमी होतं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची हौस आहे, महिन्याभरात विरेल. ती काही विरली नाही, माझेच रविवार हळूहळू त्यांचे झाले.

त्याआधी मी एक घोडचूक करून बसलो होतो. दारावर क्रूस, भिंतीवर येशूची तसबीर आणि समोर फ्रॉक घातलेल्या बाई बघून मी हिंदीत विचारलं होतं, "आंटी, रूम खाली है क्या?" बाहेरून आलेला प्रत्येक जण वसईत ही चूक एकदा करतोच. त्यांनी मला चांगलं न्याहाळलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मी आंटी नाही. गोव्याचीही नाही. या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात. तुम्ही कुठले?" मी बार्शीकडचा, असं म्हटल्यावर जरा निवळल्या. "मग मावशी म्हणा," म्हणाल्या, "बार्शीत काय म्हणतात अजून?"

मी फुलपाड्यात एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामावर होतो. मालकांनीच या घराचा पत्ता दिला होता. गाव नदीकाठचं. नदी म्हणायची, पण ती खाडीच. समुद्राचं पाणी आत येतं आणि परत जातं. आमच्याकडे नदी म्हणजे पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर वाळू आणि तिच्यात क्रिकेट. त्यामुळे पाणी दिवसातून दोनदा आपणहून येतं याचंच मला पहिल्यांदा नवल वाटायचं. मावशींना माझं हे अज्ञान फार आवडलं असावं. त्यांना ज्याला पहिल्यापासून सांगावं लागेल असा माणूस हवा होता.

मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन किती तरी वर्षं झाली होती, पण कानाला अडकवलेलं ते यंत्र जणू त्यांनी अजून काढून ठेवलं नव्हतं. आयुष्यभर अनोळखी लोकांशी अदबीने बोलल्यामुळे त्या वाडीतल्या कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करत. "अहो, तिकडे नका बसू, पानवेल आहे." त्यांच्या बोलण्यात मधेच प्रश्न विचारला की हात वर करून म्हणत, "होल्ड करा." मग तो प्रश्न पाच मिनिटांनी, कधी पुढच्या रविवारी, बरोबर उचलत. एका हकिकतीतून दुसरीत शिरताना म्हणत, "आता दुसरी लाइन जोडते." आणि फोन स्वतःहून कधीही ठेवत नसत. ऑपरेटरने आधी ठेवायचा नसतो, समोरच्याने ठेवल्यावर ठेवायचा. मुलगी मेलबर्नला होती. तिचा फोन आला की शेवटी दोघी नुसत्याच थांबायच्या. "मम्मी, ठेव ना आता," असं तिकडून ऐकू यायचं. "तू ठेव," मावशी म्हणायच्या. मुलीने ठेवल्यावरही त्या थोडा वेळ फोन कानाला लावून बसत. हे मी माझ्या खोलीच्या खिडकीतून बघायचो आणि मला उगीचच घरी फोन करावासा वाटायचा.

येशूच्या तसबिरीशेजारी तिथीचं कॅलेंडर होतं. गावातल्या लोकांना याची गंमत वाटायची. मावशींचं म्हणणं, देव देवाच्या जागी, पण पाणी तिथीवर चालतं. पुनवेला आणि अवसेला भर दुपारी बाराला उधाण, अष्टमीला संध्याकाळी भरती, तीही नरम. रविवारची भरती सकाळी चर्चमधल्या मिस्सेच्या वेळेला येत असेल तर त्या आदल्या संध्याकाळची मिस्सा करत. पुनव रविवारी आली की आम्ही दोघं टळटळीत उन्हात एका छत्रीखाली धक्क्याकडे निघायचो. चौकातले रिक्षावाले एकमेकांना खुणा करून हसायचे. सुरुवातीला मला लाज वाटे. नंतर मीच छत्री धरू लागलो.

भरतीचा एवढा आग्रह का, तर ओहोटीला तिथे दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एके काळी जिथे पडाव लागायचे, म्हणजे शिडाच्या मोठ्या माल वाहणाऱ्या होड्या, तिथे आता भराव पडला होता, त्याच्यापुढे खारफुटीतली तिवरं, आणि शेजारी एका होऊ घातलेल्या कॉम्प्लेक्सचा बोर्ड. काळ्या दगडाच्या काही पायऱ्या आणि पडाव बांधायची एक लोखंडी कडी, एवढाच धक्का. भरती पूर्ण चढली की तिवरांच्या मुळांतून पाणी गुपचूप पुढे यायचं आणि खालच्या पायरीला टेकायचं. तेवढ्या वेळात मावशी सगळं गाव उभं करायच्या. इथून केळी आणि विड्याची पानं मुंबईला जायची, मीठ जायचं. येताना कौलं यायची, कापड, रॉकेल. पाणी उतरू लागलं की बोलणं बंद. वाक्य अर्धं असलं तरी बंद.

त्या सांगत ते मोठ्या लढाया-बिढायांचं नसे. किल्ल्याचा विषय काढला की म्हणत, त्याला बोर्ड लावलेत, ते वाचा. त्यांचा इतिहास म्हणजे केळ्यांनी भरलेला पडाव एकदा गाळात रुतला, निघेचना, तोवर केळी पिकली, आणि सगळ्या गावाने सकाळ-संध्याकाळ केळी खाल्ली. पोरांनी शाळेत केळी नेली, गुरुजींनीही डब्यात केळीच आणली. किंवा बाहेरगावहून नव्याने आलेल्या फादरने एक लग्न सकाळी ठेवलं, भरती बघितलीच नाही. नवऱ्याकडची होडी चिखलात बसली. नवरा सुटाबुटात, बूट हातात घेऊन, गुडघाभर गाळातून चालत देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पोचला. "त्यांचा लग्नाचा फोटो कमरेपासून वरचा आहे," मावशी सांगायच्या, "नातवंडं विचारतात, आजोबांना पाय नव्हते का?" हे सांगताना त्या हसत नसत. मी हसलो की माझं हसू संपेपर्यंत थांबत आणि पुढची लाइन जोडत.

मी एकदा सुचवलं की हे सगळं लिहून ठेवा. त्या म्हणाल्या, "लिहिलं की लोक कपाटात ठेवतात आणि म्हणतात, आहे आपल्याकडे."

फक्त एक गोष्ट त्या पुरी सांगत नव्हत्या. या धक्क्यावरून शेवटचा पडाव कसा गेला ती. तिथपर्यंत यायच्या. पडाव मंगळुरी कौलं घेऊन आला होता, ती कौलं त्यांच्या वडिलांनी मागवली होती, तीच आज माझ्या खोलीवर आहेत, इथवर सांगायच्या. कौलं उतरवली, पडाव रिकामा झाला, शीड चढलं. मग हात वर. "होल्ड करा." हा होल्ड माझ्या आधीच्या भाडेकरूंनीही अनुभवला होता. एक नर्स होती, एक बँकेतला होता, एक शिक्षक जोडपं होतं. सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांना आचोळ्याला नाहीतर विरारला फ्लॅटचा ताबा मिळाला आणि सगळे गेले. पुन्हा येऊ म्हणाले. शेवटाची लाइन कोणालाच लागली नाही.

त्यांची दुसरी एक सवय मला जास्त छळायची. मी सकाळी कामाला निघालो की त्या फाटकात येऊन उभ्या राहायच्या आणि गल्लीच्या वळणावर मी दिसेनासा होईपर्यंत हलायच्या नाहीत. रोज. पावसात छत्री घेऊन. पाठीवर कुणी बघतंय हे कळत असताना चालणं फार अवघड असतं, हात कुठे ठेवावे ते समजत नाही. पहिल्या आठवड्यात मी वळणावर थांबून हात हलवला आणि "येतो, मावशी" म्हणून ओरडलो. संध्याकाळी त्यांनी बजावलं, "मागे बघायचं नाही. जाणाऱ्याने जायचं."

मग एकदा मी त्यांना दुकानात आणून डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. समोरच्या पाटीवरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर सोडून त्यांना काही वाचता आलं नाही. तेसुद्धा त्यांनी पाठ असल्यासारखं म्हटलं. माझ्या मनात पहिला हिशोब आला तो फाटकाचा. फाटकापासून वळण बरंच लांब होतं, आणि मावशींची नजर फार तर जास्वंदीच्या कुंपणापर्यंत पोचत असणार. म्हणजे एवढे दिवस मी ज्या नजरेने अवघडून चालत होतो ती माझ्यापर्यंत येतच नव्हती. मी विचारलं, "दिसत नाही तर उभ्या कशाला राहता?"

"बघायला थोडीच उभी राहते?" त्या म्हणाल्या.

ऑपरेशन करून घ्या म्हणून मी मागे लागलो. त्यांचं म्हणणं, नंतर कित्येक दिवस डोळ्यांत थेंब घालावे लागतात, ते कोण घालणार? मी घालीन म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि विचारलं, आचोळ्याचं तुमचं कुठवर आलं? मी तिथे एका फ्लॅटची चौकशी केल्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. एक्स्चेंज बंद झालं होतं, पण बातम्या त्यांच्याकडून जात होत्या.

उभं राहण्याचा उलगडा मला सिमेंटच्या दुकानात झाला. धक्क्याजवळ एका म्हाताऱ्या गृहस्थांचं सिमेंट-वाळूचं दुकान होतं. त्यांचे वडील तांडेल, म्हणजे पडाव चालवणारे. घराण्याची होडी गेली आणि भरावाचा धंदा आला, असं ते स्वतःच सांगून मोठ्याने हसायचे. दर नाताळात मावशींच्या घरून त्यांच्याकडे करंज्या जायच्या आणि दिवाळीत त्यांच्याकडून इकडे. मी मावशींच्या सवयीची तक्रार केली तेव्हा ते हसले नाहीत.

"आमच्या बापाच्या येळची रीत हाय ती," ते म्हणाले. "पडाव सुटला का धक्क्यावर एक तरी मानूस ऱ्हायाचा. वळनाला शीड दिसायचं बंद होईपर्यंत. पडाववाल्यानं मागं बगायचं नाय. पुढं पानी कसं आसल, कोनाला ठाव? पन मागं कोन तरी उभा हाय, येवढं मनात आसलं का बास."

त्या दिवसापासून मी वळणापर्यंत जरा हळू चालू लागलो.

मावशींच्या इतिहासाला गावातूनही एकदा बोलावणं आलं. चर्चच्या सभागृहात तरुण मंडळींनी त्यांचं भाषण ठेवलं. मावशी आठवडाभर तयारीत होत्या. मला म्हणाल्या, कदाचित त्या दिवशी शेवटपर्यंत सांगेन. ठेवणीतला निळा फ्रॉक काढला, मला इस्त्री करायला लावली. सभागृहात खुर्च्या भरपूर मांडल्या होत्या. माणसं म्हणाल तर माइकवाला, रोझरीच्या प्रार्थनेला लवकर आलेल्या दोन बाया, एका बिल्डरकडून कॅलेंडरं वाटायला आलेला माणूस आणि मी. बाकीचे मॅच संपली की येणार होते. मावशींनी सगळ्या खुर्च्या भरल्यासारखं नीट, सावकाश सांगितलं. मोतीबिंदूचा तेवढाच एक उपयोग झाला असं माझ्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचा राग आला. कारण कान शाबूत असलेल्या बाईला रिकामा हॉल कळत नाही असं थोडंच असतं? ऐकणारं कुणी आहे की नाही हे ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

मधेच मंडळातली एक कॉलेजातली मुलगी मोबाइल धरून पुढे आली. म्हणाली, "आजी, थोडं शॉर्टमध्ये सांगा ना, रील करायचंय." मावशींना राग आला नाही. त्यांनी खरोखरच विचार केला. मग कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "पाणी होतं. गेलं." मुलगी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. मावशींचं झालं होतं. त्यांनी माइकवाल्याचे आभार मानले आणि माझा हात धरून पायऱ्या उतरल्या. घरी येऊन कुलूप काढताना म्हणाल्या, "रविवारी अष्टमी आहे. पाच वाजता तयार राहा." मला वाटलं होतं त्या रडतील.

आणि मग मी जाण्याऐवजी त्याच निघाल्या. मुलगी मेलबर्नहून आली, डोळ्यांची अवस्था तिने पाहिली आणि दोन दिवस घरात आवाज चढत राहिला. तिची काही चूक नव्हती. म्हाताऱ्या आईला एका भाडेकरूच्या भरवशावर ठेवून कोण झोपेल? मावशींचं सगळं म्हणणं एवढंच होतं, की इथलं काम राहिलंय. मुलगी विचारायची, कसलं काम? त्यावर त्या फक्त हात वर करायच्या. शेवटी तिकिटं निघाली. घर विकलं जाईपर्यंत मी तिथे राहावं असं ठरलं.

शेवटच्या रविवारी आम्ही तिघं जाऊ असं मला वाटलं होतं. मावशींनी मुलीला सामान बांधायला बसवलं आणि मला घेऊन निघाल्या. पाणी खालच्या पायरीला लागलं होतं. त्यांनी वाकून ती लोखंडी कडी हाताने चाचपली, तिथेच बसल्या आणि म्हणाल्या, "होल्डवर खूप वेळ ठेवलं तुम्हाला. घ्या."

कौलं उतरली, शीड चढलं, तेवढ्यात गावात आरोळी उठली की वाण्याच्या दुकानात टेलिफोन आला. गावातला पहिला. धक्क्यावरचे हमाल, मालवाले, बायका, पोरं, सगळे तिकडे धावले. मावशी तेव्हा एवढ्याशा, वडिलांच्या खांद्यावर बसून गर्दीतून टेलिफोन बघत होत्या. काळा, चकचकीत. वाण्याने तो कानाला लावला आणि सगळ्या गावाने श्वास रोखला. इकडे पडाव सुटला आणि गेला. त्याला काही झालं नाही, सुखरूप पोचला. फक्त परत आला नाही. रस्ता झाला होता, ट्रक आले होते, पुन्हा माल कुणी भरलाच नाही. तो शेवटचा होता हे कळायला गावाला बरेच दिवस लागले. आणि कळल्यावर कुणीतरी विचारलं, त्या दिवशी धक्क्यावर कोण होतं?

"कुणीच नव्हतं," मावशी म्हणाल्या. "आमच्या घराला वाटलं तांडेलाचं घर असेल. त्यांना वाटलं हमाल असतील. हमालांना वाटलं मालवाले. सगळ्यांना वाटलं, दुसरं कुणी तरी उभं असेल. हाच आमच्या गावाचा इतिहास. बाकीचं मी तुम्हाला बसवून ठेवायला सांगत होते."

पाणी उतरू लागलं होतं. पण त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या की ते विचारणारे सगळे मेले, आता तो प्रश्नसुद्धा त्यांच्या एकटीजवळच उरला होता. तो कुणाला तरी दिल्याशिवाय कसं जायचं? मग उठायला हात पुढे केला. मी त्यांना उठवलं. त्यांचा हात थंड होता आणि तो घरापर्यंत त्यांनी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी आली. मी विमानतळापर्यंत येतो म्हटलं तर मावशींनी साफ नकार दिला. पोचवायचं ते इथूनच, म्हणाल्या. कुत्र्याला "अहो, सांभाळून राहा," असं सांगितलं आणि मागच्या सीटवर बसल्या. दार लागलं, गाडी निघाली. मी फाटकात, त्यांच्या नेहमीच्या जागी उभा राहिलो.

गाडी वळणावर पोचली आणि अडकली. समोरून भरावाच्या मातीचा डंपर गल्लीत शिरत होता, मागे जायला जागा नव्हती, दोन्ही ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसले. मला मागच्या काचेतून मावशींचं पांढरं डोकं दिसत होतं. ते सरळ पुढे होतं. मुलगी दोन-तीनदा वळून माझ्याकडे बघून संकोचाने हसली. मावशी वळल्या नाहीत. ऊन डोक्यावर होतं, दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली असणार, आणि मला हलता येईना. डंपर इंच इंच सरकत होता.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

"लाइनवर आहेस का?" मावशींनी विचारलं. काचेतलं डोकं तसंच पुढे होतं.

"आहे, मावशी. फाटकातच आहे."

"राहा."

डंपर बाजूला झाला. गाडी हलली, वळली आणि दिसेनाशी झाली. फोनमधून हॉर्न ऐकू येत होते, ड्रायव्हर हिंदीत काही तरी म्हणत होता, मग हायवेचा घोंगावता आवाज सुरू झाला. मुलीचा आवाज आला, "मम्मी, ठेव ना आता." फोन कुणी ठेवला नाही. मी तो कानाला लावून फाटकात उभा राहिलो.